मला मत न दिलेली एकशे सदतीस माणसं

माझ्या बापाला भर गावात स्वतःलाच शाप द्यायला लावला. त्या शापाला सगळ्यांत मोठ्यानं ‘होय महाराजा’ म्हणाली ती मी. त्याची मुलगी.

दहा वर्षांची होते. सकाळची वेळ. सहाणेवर अख्खा गाव जमला होता. शिमग्यात देवाची पालखी जिथं टेकवतात तो चिऱ्याचा चौथरा म्हणजे आमची सहाण. शिमगा नसला तरी गावचं काही ठरवायचं असलं की तिथंच जमायचं. पुरुष पुढे, बायका मागे, पोरं बायकांच्याही मागे. बाबा चौथऱ्याला लागून उभे होते. ओंजळीत नारळ. गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा. गावाच्या वतीनं एकानं देवाशी बोलायचं आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला गावानं एका सुरात ‘होय महाराजा’ म्हणायचं, अशी आमची रीत. बाबांचा आवाज खणखणीत. पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडच्या वाडीत ऐकू जायचा. मला त्या आवाजाचा फार तोरा होता. शाळेत मी सांगायचे, देव फक्त माझ्या बाबांचं ऐकतो.

“हे देवा महाराजा, आज तुजी लेकरं तुज्या दारात उभी हायत.”

“होय महाराजा!”

“गाव एक हाय, गावाचा शबूद एक हाय.”

“होय महाराजा!”

“गावच्या शबदाभायेर ज्यानं पाय टाकलान, त्याच्या घरात दिवा लागू नको. त्याचा वंश वाढू नको.”

इथं बाबांचा आवाज बसला. मला वाटलं, घसा कोरडा पडला असेल. मी टाचा उंचावल्या आणि जीव खाऊन ओरडले. होय महाराजा. बाकीचे माझ्यामागून ओरडले.

चौथऱ्याच्या बाजूला एकच खुर्ची होती. तिच्यात नाना खोत बसले होते. त्यांनी हात वर केला.

“मागच्यांना ऐकू गेलं नाही. पुन्हा सांग.”

बाबांनी पुन्हा सांगितलं. मी पुन्हा ओरडले. या वेळी आणखी मोठ्यानं, कारण नाना खोतांनी माझ्याकडे वळून बघितलं होतं आणि ते हसले होते. एवढ्या मोठ्या माणसानं माझ्याकडे बघून हसावं याचा मला आनंद झाला. तो आनंद आजही आठवतो आणि मला माझीच किळस येते.

घरी आल्यावर आईनं फाडकन माझ्या मुस्कटात मारली. “तुज्या बापाशीलाच शाप दिलंस गो,” म्हणाली आणि चुलीपुढे मटकन बसली. बाबा ओटीवर होते. तिथूनच म्हणाले, “तिला मारू नको. गाव बोललान ता ती बोलली.”

मग मला सगळं कळलं. म्हणजे तेव्हा थोडं कळलं, बाकीचं कळायला पुढची वीस वर्षं गेली.

बाबा अलोऱ्याला कोयना प्रकल्पाच्या कॉलनीत रोजंदारीवर बागकाम करायचे. तिथं घाटावरचे कामगार होते. ते साहेबासमोर खुर्ची ओढून बसायचे, टेबलावर हात आपटून बोलायचे, आणि बोलणं झालं की साहेबाचाच चहा पिऊन उठायचे. बाबांना त्याचं मोठं नवल वाटायचं. घरी येऊन आईला सांगायचे, “साहेबानं काय पण केलान नाय गो. नुस्ता ऐकत ऱ्हायला.” असं ऐकून ऐकून बाबांच्या डोक्यात काहीतरी शिरलं. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली तेव्हा नाना खोतांच्या वॉर्डातून, नाना खोतांच्या विरोधात, माझ्या बापानं फॉर्म भरला.

आमच्या गावात तोवर मतदान असं कधी झालंच नव्हतं. गावकी सहाणेवर बसायची, नाना खोत नावं सांगायचे, बाबा गाऱ्हाणं घालायचे, गाव होय म्हणायचा, की झाली निवडणूक. दुसरा फॉर्मच नाही तर मत कुठलं? खोती कायद्यानं कधीच गेली होती. कुळांच्या नावावर जमिनी चढल्या होत्या. बाबांच्या नावावरही बारा गुंठे भातशेती होती, सातबारा आई लुगड्यात गुंडाळून ठेवायची. तरी नाना खोतांच्या अंगणात बाबा कधी पायरीच्या वर चढले नाहीत. कायद्यानं जमीन दिली, जीभ दिली नाही.

फॉर्म भरल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्हाला वाळीत टाकलं. दुकानदारानं मीठ दिलं नाही. आईनं विहिरीवर घागर टेकवली की बाकीच्या बायका आपापल्या घागरी उचलून बाजूला व्हायच्या, आणि मग एका सकाळी विहिरीचा रहाटच काढून नेला. आई डोंगरातल्या पऱ्यावरून पाणी आणू लागली. तिला पाचवा महिना होता. पाच दिवस बाबांनी तग धरला. सहाव्या दिवशी तालुक्याला जाऊन फॉर्म मागे घेतला आणि गावकीपुढे उभे राहिले. नाना खोतांनी माफी मागायला लावली नाही. मारहाण केली नाही. फक्त म्हणाले, “गाऱ्हाणं घालायचा मान तुझा आहे. तूच घाल.”

त्या गाऱ्हाण्यानंतर दहा दिवसांनी आईचं मूल पडलं. मुलगा होता. गावात सगळे म्हणाले, लागला शाप. आईही तेच म्हणाली.  बाबा पुढं मरेपर्यंत कुठल्याच बैठकीत एक शब्द बोलले नाहीत, फक्त गाऱ्हाणं घालत राहिले. वर्षानुवर्षं. ज्या तोंडानं स्वतःचा वंश बुडवला, त्याच तोंडानं नाना खोतांच्या मुलाला उदंड आयुष्य मागत राहिले. मूल शापानं गेलं की डोंगरातून आणलेल्या हंड्यांनी, हे मला आता चांगलं कळतं. आईला ते आजही कळत नाही. नाना खोतांना मात्र त्या वेळीही कळत होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. नाना खोत सुखानं मेले, घरच्या पलंगावर, मऊ भात खाऊन. त्याचा मला राग आहे.

आता मी चाळिशीला आले. लग्न झालं होतं, टिकलं नाही. नवरा मारायचा, मी परत आले. आईजवळ राहते, शेजारच्या गावात काजूच्या कारखान्यात काम करते. बोटांची कातडी काजूच्या तेलानं जळून काळी पडली आहे. मत याच गावात आहे. बाबा गेल्यावर गाऱ्हाण्याचा मान माझ्या चुलतभावाकडे गेला. बाळादादा. वयानं माझ्याहून लहान, पण मान मिळाल्यापासून सगळ्यांचा दादा. मुलगी म्हणून माझ्याकडे यायचा प्रश्नच नव्हता. नाना खोतांच्या जागी त्यांचा मुलगा आला, विजूशेठ. त्याच्या चिऱ्याच्या खाणी आहेत, दोन डंपर आहेत, मुंबईतल्या आमच्या ग्राममंडळात त्याच्या शब्दाला वजन आहे. विधानसभेला कधी या पक्षाचे भाई येतात, कधी त्या पक्षाचे दादा येतात. झेंडा बदलतो. उतरतात ते विजूशेठच्याच ओटीवर.

पंचायतीच्या कचेरीत एक फोटो आहे. बिनविरोध निवडणूक केली म्हणून गावाचा सत्कार झाला तेव्हाचा. विजूशेठच्या गळ्यात हार, बाजूला साहेब लोक, मागे गाव. मागच्या रांगेत बाबा आहेत. अर्धेच दिसतात.

गेल्या निवडणुकीच्या आधी पुण्याहून एक मॅडम आल्या होत्या. कोकणातल्या राजकारणाचा अभ्यास करत होत्या. विजूशेठच्या घरी उतरल्या. घावने घालायला बचत गटाच्या आम्हा बायकांना बोलावलं होतं. मी चुलीपाशी होते, माजघरातलं बोलणं सगळं ऐकू येत होतं. मॅडम म्हणाल्या, “या भागात संघर्षापेक्षा सामंजस्याची परंपरा दिसते. इतक्या निवडणुका बिनविरोध! हे कशामुळे?”

विजूशेठ म्हणाला, “आमच्याकडे भांडणं नाहीत मॅडम. देवाला मानणारी माणसं आहेत. एकदा गावानं ठरवलं की ठरवलं.”

मॅडमनी ते लिहून घेतलं. घावन्यांची तारीफ केली. मला वाटलं, हातातल्या उलथन्यासकट बाहेर जावं आणि सांगावं, बाई, तुम्ही ज्याला सामंजस्य म्हणता त्यात माझा भाऊ गाडला आहे. नाही गेले. घावन उलटला. पण त्या दिवसापासून माझी झोप उडाली. आमच्या तोंडातला बोळा आता पुस्तकात परंपरा म्हणून छापला जाणार होता, आणि तो छापणाऱ्या बाई मनानं चांगल्या होत्या. त्यांनी निघताना माझा हात हातात घेतला होता.

सरपंचपद या खेपेला बायकांसाठी राखीव निघालं. विजूशेठनं आपल्या बायकोचं नाव काढलं. वैनी म्हणतो आम्ही तिला. ती कचेरीची पायरी कधी चढली नव्हती, चढायची तिला हौसही नव्हती. रविवारी सकाळी गावकी सहाणेवर बसली. मुंबईहून मंडळाचे चार जण आले होते. आम्ही बायका नेहमीसारख्या मागे.

विजूशेठ म्हणाला, “तुमच्या वैनींचं नाव गावानं ठरवलंय.”

मी मागून विचारलं, “गावानं कधी ठरवलं?”

सगळ्या माना वळल्या. मागच्या बाजूनं प्रश्न येतो हे त्या सहाणेला माहीतच नव्हतं. विजूशेठनं मला शोधलं. बघितलं. आणि पुरुषांकडे तोंड करून म्हणाला, “नवऱ्यानं हिला नांदवली नाही. आता ही गाव नांदवायला निघाली.”

हशा पिकला. पोट धरून हसले लोक. बाळादादाही हसला. त्याला मी लहानपणी कडेवर घेतला आहे. मुंबईची चार माणसं हसली, ज्यांना माझा नवरा कोण हेही ठाऊक नव्हतं. आई माझ्या शेजारी होती. तिनं माझा पदर ओढला. “बस गो बाय. बस खाली.”

विजूशेठनं खूण केली. बाळादादानं नारळ उचलला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. देवा महाराजा, लेकरं उभी आहेत, गाव एक आहे, शब्द एक आहे. प्रत्येक वाक्याला होय महाराजा. मला पुढचं वाक्य पाठ होतं. ते यायच्या आत मी चालायला लागले. बायकांमधून, मग पुरुषांमधून. कोणी अडवलं नाही, कारण अशी वेळ आली तर काय करायचं हे कोणाला ठाऊक नव्हतं. मी बाळादादासमोर जाऊन उभी राहिले.

“थांब. मी उद्या फॉर्म भरतेय. आता पुढचं बोलायचं तर माझं नाव घेऊन बोल. कोणाच्या घरात दिवा लागू नको, ते नावानिशी सांग देवाला.”

बाळादादानं नारळ खाली घेतला. तो विजूशेठकडे बघायला लागला.

“बोल रे,” विजूशेठ म्हणाला.

बाळादादा बोलला. नाव न घेता, खाली मान घालून, भराभर. आणि गाव म्हणाला, होय महाराजा. सगळा गाव म्हणाला. आवाज कमी झाला, कोणाला लाज वाटली, असं काहीही घडलं नाही. मी गावाकडे तोंड करून उभी होते. एकेक तोंड उघडताना बघितलं आणि ध्यानात ठेवलं. मी कोणाला विसरलेले नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून अर्धी सुट्टी घेऊन फॉर्म भरला. मला माहीत होतं पुढं काय होणार, त्यामुळे बापासारखी मी सहाव्या दिवशी मोडले नाही. मीठ, तेल, रॉकेल आधीच भरून ठेवलं होतं. घरात नळ आहे, रहाट काढून न्यायची सोय आता त्यांच्याकडे नाही. तरी जे व्हायचं ते झालं. गिरणीवाला पीठ दळेना. आजारी आईला दवाखान्यात न्यायला वाडीतल्या रिक्षावाल्यानं नकार दिला, मी तिला हमरस्त्यापर्यंत चालवत नेलं. लग्नाच्या आमंत्रणाची अक्षत आमचं दार सोडून पुढं गेली. हर्ण्याहून मासळीचा टेम्पो घेऊन येणारा एक मुसलमान माणूस आहे, त्यालाही सांगून बघितलं की हिच्या दारात थांबू नको. तो म्हणाला, मी तुमच्या गावकीत नाही, मी टेम्पोत आहे. त्यानं मला बांगडे दिले आणि वर हॉर्न वाजवून गेला. त्या महिन्यात माझ्या दारात वाजलेला तेवढाच एक आवाज.

प्रचाराला मी घरोघर गेले. घरं बंद व्हायची. मी बंद दारापुढे उभी राहून बोलायचे. पाण्याचं बोलले, खाणीच्या धुळीचं बोलले, शाळेच्या गळक्या छपराचं बोलले. आत भांडी वाजायची थांबायची. म्हणजे ऐकत होते.

मतदान झालं. मी पडले. चांगली सपशेल पडले, वैनी मोठ्या फरकानं निवडून आली. विजूशेठनं गुलाल उधळला, डंपरमधून मिरवणूक काढली. पण मला एकशे सदतीस मतं पडली होती.

वाळीत टाकलेल्या बाईला. जिच्या दारात कोणी उभं राहत नव्हतं तिला. एकशे सदतीस.

गुलाल खाली बसायच्या आत विजूशेठला तो आकडा टोचायला लागला. वैनी निवडून आल्याचा आनंद त्याला दोन दिवसही घेता आला नाही. गाव एक आहे म्हणतो, मग ही एकशे सदतीस माणसं कोण? तिसऱ्या दिवशी गावकीचा निरोप फिरला. रविवारी सगळ्यांनी सहाणेवर यायचं. अठराच्या वरच्या सगळ्यांनी, बायकांनीसुद्धा. एकेकानं नारळावर हात ठेवून देवासमोर सांगायचं, मी तिला मत दिलं नाही.

कल्पना विजूशेठची. त्याला वाटलं, देवापुढं कोणी खोटं बोलणार नाही. एकशे सदतीस हात अडखळतील आणि आपल्याला नावं कळतील. त्याच्या बापानं ज्या भीतीवर गाव चालवला, ती भीती गाडीच्या चावीसारखी आपल्या खिशात आहे असं त्याला वाटत होतं.

मला बोलावणं नव्हतं. मी गेले. सहाणेच्या कडेला चिऱ्यावर बसले आणि मोबाईल चालू करून समोर धरला. एकदोघे अंगावर आले. मी म्हटलं, देवाचं काम आहे ना, मग चोरून कशाला? ते बाजूला झाले.

सकाळी सुरू झालं. रांग लागली. एकेक पुढं यायचा. नारळावर हात. “देवा महाराजा, मी तिला मत दिलं नाही.” पुढचा. “मी तिला मत दिलं नाही.” म्हातारे आले, पोरं आली, बायका पदर सावरत आल्या. गिरणीवाला आला. रिक्षावाला आला. आवाजात कंप नाही, डोळ्यांत पाणी नाही. रेशनच्या दुकानात अंगठा लावावा तितक्या सहज. दुपार टळली. विजूशेठ आधी रागानं एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. मग त्यानं घाम पुसायला सुरुवात केली. मग तो उठून उभा राहिला. रांग संपत आली होती आणि अजून एकही हात अडखळला नव्हता.

सगळ्यांत शेवटी माझी आई आली. कंबरेतून वाकलेली, एका हातानं गुडघा धरून. पोटचं पोर शापानं गेलं असं मानणारी बाई. दर अमावास्येला त्याच देवाला दिवा लावणारी. तिनं नारळावर हात ठेवला.

“देवा म्हाराजा, मी तिला मत दिलं नाय.”

विजूशेठ तिच्याकडे बघत राहिला. सख्खी आई. तो हसायचा प्रयत्न करत होता, पण त्याचे ओठ नीट फाकेनात. कारण आता हिशेब साफ झाला होता. मला एकशे सदतीस मतं पडली होती, आणि मला कोणीच मत दिलं नव्हतं. माझं स्वतःचं एक वगळलं तरी एकशे छत्तीस माणसं तिथं उभ्याउभ्या देवाशी खोटं बोलली होती आणि कोणाच्याही अंगावर वीज पडली नव्हती. कोण ते त्याला कधीही कळणार नव्हतं. गिरणीवाला असेल. रिक्षावाला असेल. त्याच्या डंपरचा ड्रायव्हर असेल. त्याची बायको, आमची वैनीसुद्धा असेल! आता रोज सकाळी उठून त्यानं प्रत्येक तोंडाकडे बघावं आणि विचार करावा. मी त्याला तो आजार लावला आहे, त्याच्यावर औषध नाही.

घरी आल्यावर मी आईला विचारलं नाही. तिनंच सांगितलं. पाटावर बसून, पाय चोळत. “त्याच्या फुडं खोटं बोललंय. माजा एक पोर त्यानं नेलान, तवा मी काय बोलली नाय. आता त्यानं माज्याकडं बगावं, नायतर दुसरीकडं तोंड करावं.”

आईला मी जवळ घेतलं नाही. आमच्यात तसं घेत नाहीत. ताटं वाढली आणि जेवलो.

लोकांना वाटेल, मग मला बरं वाटलं असेल. एवढी माणसं आपल्या बाजूची निघाली. नाही वाटलं. त्या माणसांचाही मला राग आहे. पडद्याआड बटण दाबलं आणि उजेडात नारळावर हात ठेवला. आईला मी उन्हातून चालवत नेत होते तेव्हा त्यांतले कितीतरी खिडकीतून बघत होते. त्यांची भीती मला कळते, माझ्या बापाचीच भीती आहे ती. पण मी त्यांचे आभार मानणार नाही. खोटं बोलायला शिकले, ही पहिली पायरी झाली. खरं मोठ्यानं बोलतील त्या दिवशी आभारांचं बघू.

सोमवारी मी पोलिसात गेले. सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा आहे, कारखान्यातल्या एका मुलीनं मोबाईलवर वाचून दाखवला होता. हवालदार म्हणाला, “ताई, गावात मिटवून टाका. उद्या तुम्हालाच राहायचंय तिथं.” मी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले. दुपारी दोनपर्यंत बसले. चित्रीकरण दाखवलं. गिरणी, रिक्षा, शपथा, सगळं एकेक करून सांगितलं. शेवटी त्यांनी लिहून घेतलं. मी नऊ नावं दिली. पहिलं विजूशेठचं. दुसरं बाळादादाचं.

शिमग्यात पालखी घरोघर येते, वाळीतल्या घरी येत नाही. त्या शिमग्याच्या आधी बाळादादा घरी आला. एकटाच. अंगणात उभा राहिला, वर ये म्हटलं तरी चढला नाही.

“माजं नाव तेवडं काड. मी आपला बोलायचा धनी. शबूद माजं नव्हतं.”

“बाबांचेपण नव्हते.”

“शेट म्हणतो, केस मागं घेतलीस तर पालकी येल तुज्या दारात. आयशीला बरं वाटंल.”

आई आतून ऐकत होती.  मी म्हटलं, “शेटला सांग, केस मागे घेणार नाही. आणि तुझं नावपण काढणार नाही.” तो रडायला लागला. रडू दिलं. घरात चहा उकळत होता, त्याला विचारला नाही.

केस आता कोर्टात उभी आहे. सगळे जामिनावर सुटलेत. तारखा पडतात. माझे वकील चांगले आहेत, तरी तेही मधूनमधून म्हणतात, आपसात होत असेल तर बघा, वर्षानुवर्षं चालेल. चालू दे. मला कुठं जायचं आहे? कारखान्यात प्रत्येक तारखेचा खाडा मांडतात, तो मी मांडून घेते. पहिल्या एसटीनं निघते, कोर्ट उघडायच्या आधी पोचते आणि पुढच्या बाकावर बसते.

नंबर आला की कोर्टाचा शिपाई दाराशी जाऊन पुकारा करतो. विजूशेठचं पूर्ण नाव घेतो, त्याच्या बापाच्या नावासकट. शेठ लावत नाही, साहेब लावत नाही. विजूशेठ लगबगीनं आत येतो, चपला दाराबाहेर काढतो, तशी काढायची गरज नसते तरी काढतो, आणि हात जोडून उभा राहतो. त्याच्यामागे बाळादादा. माझ्या रक्ताचा. त्याचंही नाव पुकारतात, तेही मी शेवटपर्यंत ऐकते. पाच मिनिटांत पुढची तारीख पडते. ते पुढची तारीख पडली म्हणून सुटकेचा श्वास टाकतात. मी तारीख लिहून घेते.

मी एकही तारीख चुकवलेली नाही. चुकवणारही नाही. त्यांना शिक्षा होईल की नाही मला ठाऊक नाही, पण जोवर माझ्या पायांत पहिली एसटी पकडायचं बळ आहे तोवर तडजोड होणार नाही, आणि पुढच्या निवडणुकीला माझा फॉर्म सगळ्यांत आधी जाईल. ते आत्ताच थकलेत. मी नाही.